कॅमेरा नंबर अकरा

कळमन्यात, मिरचीच्या शेडमध्ये, मे महिन्यात
शिडीवर चढायचं
तर नाकावर ओला दुपट्टा आणि खिशात कांदा.
खाली चेतराम शिंकतो, शिडी हलते,
मी वरून ओरडते, "धर ना बे नीट!"

अकरा नंबर दिवसभर ठणठणीत.
पोती, हमाल, वजनकाटा,
गोणपाटावर झोपलेलं एक कुत्रं, सगळं दाखवतो.
दिवेलागणीला डोळे मिटतो.
बाबू म्हणतो, पीस खराब आहे.
चौकीदार उरकुडा नैताम म्हणतात,
"म्याडम, तो बी माह्यासारखाच.
दिवसा दिसते त्याले. राती नाही दिसत."

त्याला प्लग नाही, बोर्ड नाही.
पेन्सिलीहून बारीक निळ्या केबलीतून
बोलणं येतं-जातं
आणि त्याच तारांतून जेवणही.
आठ तारा, दोन-दोनच्या वेण्या,
पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी…
गोळीबार चौकातल्या मागावर
बापाच्या बोटांना किनार पाठ होती,
तसा मला हा क्रम.

आणि स्विच.
त्याचं एक मला फार आवडतं,
तो एकदम वीज सोडत नाही.
इवलासा दाब टाकून आधी चाचपतो,
आहे का कोणी तिकडे?
मग विचारतो, किती लागेल?
उत्तर आलं तरच अठ्ठेचाळीस व्होल्ट.
लाइनवर भलताच कोणी निघाला
तर गप्प राहतो, जाळत नाही.
आमच्या घरात हे कोणी शिकलं नाही.
आधी धक्का, मग चौकशी.

रात्री थांबलो.
अंधार झाला, टिक् आवाज आला,
काचेभोवतीचे लाल ठिपके पेटले
आणि अकरा नंबर गेला.
अंधारात बघायला जास्त भूक लागते,
आणि जेवण वाटेतच सांडत होतं.
केबल मोजली, एकशे अठरा मीटर. शंभराच्या पुढे भरवसा नसतो.
सोलली, तर आत पांढरी.
ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा.
इतवारीत कोणीतरी मीटरमागे चार रुपये वाचवले होते.

नऊला नैतामांची मुलगी स्कूटीवर आली.
गेटातूनच, "बाबा, किती पोळ्या काढू?"
मग सिलिंडर, तिचा नर्सिंगचा पेपर, शेजारचं भांडण.
ती बोलत होती तोवर ते जेवत होते.
ती गेली, तसा त्यांनी डबा झाकला.
नऊ नंबरवर हे सगळं दिसलं, आवाजाशिवाय.

दुसऱ्या दिवशी अस्सल तांबं ओढलं,
मध्ये खांबावर एक छोटी पेटी ठोकली,
इकडून घेणारी, तिकडे पोचवणारी.
पाच वेळा शिंकले. कांदा खिशात शिजला.

अंधार पडला.
टिक्.
पडद्यावर राखाडी शेड, राखाडी पोती.
नैताम चालत चालत अकराच्या खाली गेले,
दुपट्टा काढला, केसांवरून हात फिरवला,
आणि वर बघून काहीतरी म्हणाले.
चेतरामचा फोन वाजला.
"म्याडम, ते विचारून राह्यले,
मी दिसून राह्यलो का?"

सांग त्यांना, दिसून राह्यले.
कुत्रंही.