पाचवी

ससूनमागच्या संग्रहालयात ती काचेखाली निजलेली,
गळ्यात मोत्यांचा सर.
ओटीपोटाचं झाकण निघतं. आत
मुठीएवढं मूल.

एप्रिलात तिला घाम फुटतो.
डेंगळे सर म्हणाले, मेण आहे, पंखा लावा.
फरशी पुसणारी अनसाबाई म्हणाली,
दर वर्षी पोरं हिचं बाळ काढतात, परत ठेवतात.
पाचवी पुजली का कुणी?
कुलपातल्या खोलीत सटवाई यायची कशी?

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मी झाकण उचललं.
जठर, यकृत, आतडी, ओळीने टेबलावर.
बाळाखालच्या खोबणीत
पाच तांदूळ, हळकुंड,
कोऱ्या कागदाची घडी
आणि एक रिफिल.

सगळं होतं तसं लावलं.
फक्त आधी, रिफिल चालते का,
तेवढं तळहातावर ओढून पाहिलं.