बारदान वजा

मिरजेच्या दवाखान्यातला काटा
एकशे वीसपाशी थकला.
मी नर्सला म्हटलं, राहू द्या,
आमच्या यार्डातनं करून आणतो.

सांगलीच्या हळद सौद्यात
एकोणीस वर्षं मापाडी आहे मी.
हमाल घरी गेल्यावर चढलो काट्यावर,
पोत्यांच्या जागी, चपला काढून.
एकशे एक्केचाळीस, चारशे.
सवयीनं तोंडातून निघालं: बारदान वजा?
रिकाम्या शेडमध्ये कोण बोलणार.

पोत्याचं सोपं असतं.
तागाचं असेल तर एवढं धरायचं,
प्लास्टिकचं असेल तर तेवढं,
उरतो तो माल.
माझ्यात बारदान कुठवर आहे
आणि माल कुठनं सुरू होतो,
हे कुठल्या पट्टीवर लिहिलंय?

आई म्हणते, पर्युषणात आठ दिवस
नुसत्या पाण्यावर काढले मी साठीत.
तुला चार दिवस तोंड धरवत नाही, आदगोंडा?
धडधाकट पोट कापून घ्यायचं म्हणजे!
धाकटा भाऊ बोलत नाही,
फक्त खर्चाचा आकडा दोनदा विचारतो.
आणि मी रात्री एक वाजता मोबाईलवर
न उठलेल्या माणसांच्या बातम्या शोधतो,
सापडली की बरं वाटतं,
नाही सापडली की आणखी शोधतो.

मुलाणी मॅडमनी विचारलं,
भूक नसताना कधी खाता?
म्हटलं, हिशेब चुकला की.
खोटं नव्हतं ते,
पण पोत्याच्या तोंडाशी चांगला माल लावतात ना,
तसं होतं.
त्या म्हणाल्या, दोन आठवडे वही ठेवा.
वेळ, पदार्थ, किती, आणि कशामुळं.

वही ठेवणं माझ्या हातातलं.
सायंकाळी सहा. भडंग. दोन मुठी.
कशामुळं:
तिथं तीन दिवस रेघच ओढली.
चौथ्या दिवशी लिहिलं, बोट.

एकोणीसचा पूर. गावभागातली आमची गच्ची.
बोटीतला पोरगा माझ्याकडं बघून म्हणाला,
काका, तुम्ही पुढच्या फेरीला.
बरोबरच होतं त्याचं. वजनाचं मला कोण सांगणार.
पुढची फेरी साडेपाच तासांनी आली.
तोवर टाकीला टेकून
मी पाच पुडे बिस्किटं खाल्ली,
पाणी चढत होतं तसतशी.

तेव्हापासून ती भीती मी आत दाबून बसवतोय,
हमाल पोत्यात गुडघ्यानं हळद बसवतो तशी.
आता जठराचा मोठा तुकडा काढणार म्हणतात.
मग ती कुठं मावणार?

वही त्रिशलानं वाचली. विचारून नाही.
बराच वेळ तिनं कणीक मळली, लागणार नव्हती तरी.
मग म्हणाली, मी वळून बघत होते बोटीतनं.
तुम्ही खात होता.
म्हणून मला वाटलं,
ह्यांना काही भ्या वाटत नाही.

सात वर्षं एका ताटाशी बसून
आम्ही दोघं चुकीचं वजन वाचत होतो.

मॅडमना विचारलं मी शेवटी, मावणार कुठं ते.
त्या म्हणाल्या, मलाही माहीत नाही,
ऑपरेशननंतर दर मंगळवारी या, मिळून बघू.
एवढं खरं उत्तर
मला त्या दवाखान्यात दुसऱ्या कुणी दिलं नाही.

आता बारा दिवस पातळावर आहे. पेज, ताक, डाळीचं पाणी.
त्रिशलानं ट्रंकेतून पोरीच्या उष्टावणाचा
चांदीचा चमचा काढून दिलाय.
माझ्या बोटांत तो काडीसारखा दिसतो.
एक घोट, मग थांबायचं.
थांबलं की आतलं सगळं ऐकू येतं,
नळ, शेजारचा टीव्ही, आणि ती बोट.
कधी थांबवतं, कधी नाही.
काल अर्धी वाटी साखर खाल्ली.
तीही वहीत आहे.

उद्या सकाळी सातला भरती.
भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं चिठ्ठीवर लिहिलंय:
उठताना कुणी नावानं हाक मारेल का?

नर्सनं फोनवर वजन विचारलं.
एकशे तेहतीस, सहाशे.
तिनं विचारलं, कपड्यांसकट की वजा करून?
सगळ्यासकट, म्हटलं.
काही वजा करू नका. तसंच लिहा.