पिछाडीवरचं गाव

बहारीनला, हिद्दच्या सुक्या गोदीत
जहाजांच्या पिछाडीवर मी गावांची नावं रंगवतो.
या खेपेला मोनरोव्हिया.
इंग्रजी आठ अक्षरं, एकेक माझ्या धाकटीएवढं उंच.
मालक ग्रीक, कप्तान पोलंडचा,
आणि गाव असं, की तिथं हे जहाज
एकदाही गेलेलं नाही.

टोग्बा तिथलाच.
तो खाली गंज खरवडतो.
बारा ते चार सरकारी सावली,
तेव्हा सुकाणूच्या पात्याखाली आम्ही डबे सोडतो.
त्याचा भात पामतेलाने लाल,
माझं सोड्यांचं कालवण.

"अध्यक्षाचं आडनाव लावतो मी,"
एकदा काटा थुंकत म्हणाला.
टोग्बा हॅझलवुड.

मग सांगत बसला.
व्हर्जिनियात, नदीकाठी, इलायजा हॅझलवुड
गोऱ्यांच्या दाढ्या करी.
गळ्यावर वस्तरा, हात थरथरू द्यायचा नाही
एवढीच त्याची शाळा.
खिशात मेणकापडात गुंडाळलेला दाखला:
रंग अमुक, उंची अमुक, डाव्या भुवईवर व्रण,
स्वतःच स्वतःचा मालक.
कागद भिजला असता
तर माणूसही पुसला गेला असता.

मग जहाज. बावन्न दिवस.
किनारा दिसला त्या दिवशी बायको तापाने गेली.
याने वखार टाकली, तेल विकलं, मीठ विकलं,
शिबंदी बांधली,
आणि एक दिवस उंच टोपी, काळा लोकरी कोट
चढवून (त्या उकाड्यात!)
देशाचा अध्यक्ष म्हणून पायरीवर उभा राहिला.
भाषणात स्वातंत्र्य आलं
की रुमालाने मान पुसायचा.

मी म्हटलं, आमच्याकडेही.
राजापुरीच्या बंदरावर उभं राहिलं की समोर जंजिरा.
हबशी आले पाण्यावरून,
कुणी विकलेले, कुणी विकत घेतलेले,
आणि किल्ल्याचे धनी झाले.

टोग्बा चावायचा थांबला.
"आणि तुम्ही?"
आम्ही काय. कोळी आम्ही.
वल्ही मारली.

तो इतका हसला की ठसका लागला.
"आम्हीपण तेच. आम्ही क्रू.
त्यांची जहाजं लाटेबाहेर उभी राहायची,
त्यांना किनाऱ्याला आणलं आमच्या होड्यांनी."

त्याची पणजी सात वर्षांची,
अध्यक्षाच्या घरी ठेवली. शिकेल म्हणून.
ओसरी झाडायला शिकली.
प्रुडन्स हॅझलवुड असं नाव मिळालं,
लेकीसारखी म्हणायचे,
ताट मागल्या दारी.
रोज पहाटे अध्यक्ष स्वतःची दाढी स्वतः करी.
दुसऱ्या कुणाला वस्तरा द्यायचा नाही.
आरसा हिने धरायचा, दोन्ही हातांनी.
पातं गळ्यापाशी आलं
की हात याचे स्थिर
आणि आरसा हलायचा.

रात्री कॅम्पात खाटेवर पडून
मी फोनवर यादी उघडली.
त्या देशाचे सगळे अध्यक्ष, फोटोंसकट.
दोनदा पाहिली. हॅझलवुड नाही.

सकाळी सांगितलं.
टोग्बा बुटाची नाडी बांधत होता.
"मग नाव दुसरं असेल," म्हणाला.
"आरसा होता."
आणि हेल्मेट घालून निघून गेला.

आमचे दोघांचे पासपोर्ट
ऑफिसातल्या लोखंडी कपाटात आहेत.
मी ते पाहिलेत एकदा, रबरबँड लावलेले,
किल्ली पिल्ले साहेबांकडे.
मेणकापड नाही. एसी आहे.

संध्याकाळी शेवटचं अक्षर उरलं.
झोपाळा वाऱ्याने फिरला, ब्रश घसरला,
ए जरा डावीकडे कलला.
फोरमन म्हणाला, चालेल रे,
उद्या पाणी सोडायचंय, कोण बघतंय तिथं.

खाली टोग्बा मान वर करून उभा होता,
मास्क काढून, तोंडभर धूळ.
काही बोलला नाही.
नुसतं बोट डावीकडून उजवीकडे हलवलं,
जरासं,
भिंतीवरची तसबीर सरळ करताना हलवतात तसं.

मी डबा परत उघडला.
पांढऱ्यावर साय धरली होती, काडीने बाजूला सारली.