वारा सरला का

मिरजेच्या त्या वॉर्डात सकाळी एकच प्रश्न
खाटेखाटेवरून फिरतो :
वारा सरला का?
आया चादर उचलून बघतात,
ज्याच्या पोराचा सरला तो बाप
जिलबी आणायला जिना उतरत पळतो.

माझ्या सन्मतीचा तीन दिवस सरला नव्हता.

जन्मला तेव्हाही असंच.
दोन दिवस शी नाही, पोट डग्ग्यासारखं,
केस मक्याच्या कणसाचे, मांड्या आखूड.
समडोळीत म्हणाले, बापाच्या वळणावर गेलाय.
डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला.
ज्या चुकीनं हाडं आखूड राहिली
तिचाच हात आतड्यापर्यंत पोचलाय, म्हणाल्या,
शेवटच्या वीतभराला पुढं ढकलायचं कळतच नाही.

मी शिवणकाम करते. मला समजलं :
मेली पट्टी कापायची,
चांगली खाली ओढून काठाला जोडायची.
टाके कसले, विचारलं. विरघळणारे.
माझ्या धंद्यात विरघळणारा दोरा म्हणजे बदनामी.

त्याआधी सात महिने पोटावर पिशवी.
तिचं भोक मीच कापायची,
काजाच्या कात्रीनं, बावीस मिलिमीटर,
वर दोऱ्याएवढी सूट.

बाई खोटं बोलल्या नाहीत.
"अशा हाडांच्या मुलांचं वेगळं असतं.
जंतू लवकर धरतात, आतडं सुजतं,
परत परत यावं लागतं.
किती वाचतात विचाराल, तर माझ्या वहीत सहाच आहेत.
सहांची टक्केवारी काढू नये, ताई."
त्या सहांत सगळे अजून आहेत का,
मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी, दिवे लागल्यावर,
चादरीखाली मांजरपाट फाडावा तसा आवाज झाला.
सिस्टर हसली. दोन चमचे पाणी द्या, म्हणाली.
मी सासऱ्यांकडं बघितलं.
चाळीस वर्षं सूर्य बुडाल्यावर
त्यांच्या तोंडात थेंब गेलेला नाही.
त्यांनी उकळून गार केलेलं पाणी
सवयीनं पुन्हा फडक्यातून गाळलं
आणि चमचा स्वतःच त्याच्या ओठाला लावला.
काहीतरी पुटपुटले. नवकार असेल.
किंवा नुसतंच, पी की गा.

आता आठ वर्षांचा आहे. माप चारचं.
दप्तरात एक जादा चड्डी, वर्गाच्या बाईंना चिठ्ठी.
दोनदा सूज, दोनदा मिरज.
दुसऱ्या वेळचे अकरा दिवस
मी कुणाला सांगत नाही.

दरसाल वही उघडते.
दिवसातून किती वेळा. कपडे भरतात का. रात्री?
शेवटी रकाना : निकाल.
बरा, मध्यम, वाईट.
बाई पेन धरून माझ्याकडं बघतात.
मी म्हणते, औंदा त्याची पँट
पाऊण इंच लांब कापली.
तसा रकाना नाही तिथं.
बाई पेन ठेवतात, पेन्सिल शोधतात,
समासात लिहितात :
पाऊण.