काळं

कवठेमहांकाळच्या पुढं, कोल्ड स्टोरेजच्या मागं आमचं शेड.
पट्ट्यावरनं बेदाणा वाहतो, आम्ही बारा जणी
दोन्ही अंगांना बसून वेचतो.
काड्या, खडे, देठ वेगळे.
काळं वेगळं. काळ्याला भाव नाही.
सतरा हंगाम झाले.
डोळे मिटले तरी आता मला काळंच दिसतं.

आणि जे काळं पडायला लागलंय पण अजून पडलेलं नाही
ते मायाप्पाकडं जातं.

मायाप्पा माझा नवरा. धुरीच्या खोलीवर असतो.
लोखंडी घमेल्यात गंधक, त्यावर निखारा,
ट्रे छतापर्यंत रचायचे, दार लावायचं,
फटींत ओली पोती कोंबायची.
सकाळी दार उघडायचं ते श्वास धरून,
आत जाऊन मागची खिडकी ढकलायची, बाहेर यायचं.
पहिल्या वर्षी म्हणायचा, आत मी साठ आकडे मोजतो.
मग चाळीस.
यंदा मी विचारलं नाही.

बेदाणा मात्र बाहेर येतो
नुकतीच हळद लागलेल्या अंगासारखा.

माझी जोडवी काळी पडली. ढालगावच्या सोनारानं घासून दिली,
आठ दिवसांत परत तेच.
तो हसला, "गंधकाजवळ चांदी ठेवू नये, वहिनी."
चांदी काढता येते.
मी काढून डब्यात ठेवली.

एकदा साहेब तपासायला आले.
त्या दिवशी कपाटातनं मास्क निघाला, रबरी, दोन नळकांड्यांचा.
मायाप्पाला तो घालून उभा केला, फोटो झाला.
जीप कमानीबाहेर गेली तसे शेठ म्हणाले,
"कुलपात ठेवा रे. म्हाग हाय."

मेंढरं राखायचा तेव्हा त्याची शीळ
दंडोबाच्या उतारावरनं खाली वस्तीपर्यंत यायची.
लग्नाआधी मी त्याला पाहिला नव्हता. ऐकला होता.

मिरजेला डॉक्टरांनी हातात प्लास्टिकची नळी दिली.
"जोरात फुंका."
काटा जरासा सरकला आणि बसला.
"परत."
"परत."
"बिडी किती वर्षं?"
"न्हाई वडत."
"मग चुलीचा धूर?"
तो माझ्याकडं बघायला लागला, जसं काय चूल माझीच.
मी म्हटलं, बेदाण्याला धुरी देतात, डॉक्टर. गंधकाची.
त्यांचं पेन थांबलं.
"दर दिवाळीला घेतो की आम्ही," म्हणाले,
"रंग काय सुंदर असतो."

मग छातीचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला.
सवयच ती, माझी बोटं पुढं झाली.
बरगड्यांच्या मधे बघून पोटात गोळा आला.
म्हटलं, एवढं काळं?
"अहो बाई, काळं म्हणजे हवा. काळं चांगलं.
हे खाली बघा, जाळ्यासारखं, पांढरं.
हे वाढतंय."

एसटीत मिरजेपासून घरापर्यंत
काळं चांगलं, काळं चांगलं.
मायाप्पा खिडकीशी बसला होता, तोंड उघडं ठेवून,
येणारा सगळा वारा घेत.

आता तो भिंतीला उशी लावून बसूनच झोपतो.
मध्यरात्री आतनं बारीक शीळ येते.
ही त्याची नाही.

सोमवारी शेठ पट्ट्याशी आले.
"मायाप्पाला बसू दे घरात आठ दिस. खोली कोण उघडंल?
तुझा भाचा आलाय न्हवं, बिरा का कोण?"
एकोणीसचा आहे बिरा. कुस्तीला जातो.
कालच अंगणात दोरीवरच्या उड्या मारताना
मोठमोठ्यानं मोजत होता, दोनशेच्या पुढं.

मी म्हटलं, "किल्ली द्या."
"खोलीला कुठलं कुलूप?"
"कपाटाची."

शेठ हसले. मग हसायचे थांबले.
पट्टा चालूच होता.
समोरनं काळं चाललं होतं, ढिगानं,
आणि अकरा जणींतला
एकही हात पुढं होत नव्हता.