बारा व्होल्ट

तपकीर गल्लीत बागवानने विचारलं,
"साहेब, एवढी जाड केबल? शेतावर पंप बसवताय का?"
म्हटलं, घर बसवतोय. चाकांवर.
भोसरीच्या लिलावातली जुनी रुग्णवाहिका
आता धनकवडीत आमच्या पार्किंगमध्ये उभी,
सोसायटीचे अध्यक्ष रोज तिला वळसा घालून जातात.

बॅटरी डाव्या सीटखाली. तिच्यापासून वीतभरावर मोठा फ्यूज,
आग लागायची तर या वीतभरातच लागते.
मग मेन स्विच, मग तांब्याची पट्टी,
पट्टीवरून बारा घरांची पेटी.
कुंदाला समजावलं, फ्यूज दिव्यासाठी नसतो गं,
वायरसाठी असतो. दिवा गेला तर नवा आणू,
वायर पत्र्याच्या आत जळते, कुणाला न सांगता.
ती म्हणाली, "माहितीय. छत्तीस वर्षं झाली लग्नाला."

चिठ्ठ्या तिनेच लिहिल्या, शाळेतल्या वळणदार अक्षरात :
दिवे. पाण्याची मोटर. पंखा, माझा. पंखा, तुमचा.
तिच्या इन्सुलिनचा छोटा फ्रिज मात्र
मी मेन स्विचच्या अलीकडून जोडला, वेगळा फ्यूज देऊन.
सगळं बंद केलं तरी तो चालू राहील.
असं काही करायची मुभा
पर्वतीच्या सबस्टेशनात मला कधी नव्हती.

तिथे भारनियमनाचा कागद यायचा
आणि मी फीडर पाडायचो. अकरा नंबर, चौदा नंबर.
हँडल खाली, खट्ट, नोंदवहीत वेळ.
एक बाई रोज फोन करायची, नाव कधी सांगितलं नाही.
"दहाच मिनिटं द्या हो, पोराला वाफ द्यायचीय."
ताई, एका घरापुरती वीज सोडता येत नाही.
खरंच येत नाही.
पण मी हे फार पटकन म्हणायचो.
एका मार्चपासून तिचा फोन थांबला.
पोरगं बरं झालं असेल, किंवा त्यांनी घर बदललं असेल.
नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता.

काल पेटी पुरी झाली. अकरा घरं भरली,
सातवं रिकामं. दहा ॲम्पियरचा फ्यूज खोचून ठेवलाय,
पुढे वायर नाही.
"हे कशाला?" कुंदाने विचारलं. असू दे, म्हटलं.
सकाळी पाहिलं तर तिथेही चिठ्ठी :
वाफ.

मल्टीमीटर तेरा पूर्णांक दोन दाखवतोय.
शेगडी कुठे ठेवायची, ते भांडण अजून बाकी आहे.