पंधरा तारखेवर नेम

निकाल लागला, आणि आठवड्याने
वाळपई ठाण्यातून आमची रायफल परत आली.
दोन महिने पडून होती शंभरेक बंदुकांच्या ढिगात,
दस्त्याला सुतळीने चिठ्ठी: सगुण गावस, हिवरे.
निवडून कोण आलं, ते बाबांनी विचारलं नाही.
दुर्बिणीच्या काचेवर फुंकर मारली, म्हणाले,
हिला कोणीतरी आपटलीय.

काजीच्या उतारावर, पन्नास पावलांवर,
गेल्या वर्षीचा मे महिना टांगला.
नेम पंधरा तारखेवर, बुधवारी.
पहिली गोळी लागली तीनला.
दुसरी सव्वीसला.
तिसरी महिन्यातच नाही.

बाबा लगेच दुर्बिणीची चकती फिरवायला गेले.
मी हात धरला.
मी होंड्याच्या औषध कारखान्यात तराजू तपासते,
मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत;
तिथलं एवढंच घरी आणता येतं:
विखुरलेलं असेल तोवर शून्य शोधू नये.
आधी सैल काय ते बघावं,
आणि एका वेळी एकच.

दुर्बिणीच्या पुढच्या कड्याचा स्क्रू
अर्धा फेरा सैल निघाला.
नळीतून ओढलेली चिंधी आधी हिरवी, मग करडी,
सातवी कुठे पांढरी.
मग दहाची नोट, नळी आणि लाकूड यांच्या फटीतून.
अर्ध्यावर अडकली.
ठाण्याच्या खोलीतली ओल पिऊन लाकूड फुगलेलं,
नळीला एका अंगाने रेटत बसलेलं.
पॉलिश पेपरने तासभर घासलं
तेव्हा नोट सुळकन आरपार गेली,
आणि आईने ती उचलून कमरेला खोचली.

आता खाली उकड्या तांदळाची पिशवी,
काडतुसं एकाच डब्यातली.
दोन गोळ्या नऊ आणि दहाच्या मधल्या रेषेवर,
एकमेकींना खेटून.
वा, म्हटलं मी.
तिसरी थेट चारला.
नळी गार होऊ दिली. पुन्हा तेच:
दोन शेजारी शेजारी, तिसरी खाली डावीकडे पळालेली.
बंदूक अशी वागत नाही.
बंदुकीला लहर नसते.

म्हणून पुढच्या खेपेला
त्यांच्या नकळत मी रिकामी पुंगळी भरली.
टक्.
बार झालाच नाही,
तरी नळीने मान खाली घातली, डावीकडे,
आणि बाबांचे डोळे गच्च मिटलेले,
खांदा कानाशी आलेला.

बराच वेळ ते तांदळाची पिशवी थापटत राहिले,
जणू तिचीच चूक होती.
आवाज, म्हणाले.
पहिल्यापासून.

आणि मला नरकासुराच्या रात्री आठवल्या.
अख्खा गाव ढोल बडवत देवळासमोर,
फटाक्यांच्या माळा, आम्ही पोरं राखेत लडबडलेली,
आणि बाबा एकटे वर, काजीतल्या माटवात.
राखणीला, असं आई सांगायची.
त्या रात्री डुकरं येतच नाहीत,
हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.
तीस वर्षं गाव ज्याला नेमबाज म्हणतो
तो माणूस दर वेळी
डोळे मिटून गोळी सोडत होता.

मी काही बोलले नाही. पिशवीत होतीच
कारखान्यातली कानात घालायची दोन पिवळी बोंडं.
त्यांनी ती बोटांत चेपून पाहिली,
बोंडू पिकलाय का बघतात तशी.
आत्ता? असे ओरडले
की आई खळ्यात धावत आली.

उजवीकडे वीस खटके, वर बावीस.
चकती फिरवताना त्यांचे ओठ हलत होते.
श्वास अर्धा सोडला. बोट आलं हळूहळू,
विहिरीतून भरली घागर ओढताना येते तसं.
तीन गोळ्या.
पंधरा तारीख गेली,
तिच्याबरोबर आईने तिथे पेनने लिहिलेलंही.

आईने कॅलेंडर काढलं, उजेडाला धरलं,
त्या भोकातून आमच्याकडे बघत म्हणाली,
हे मला हवं होतं. पंधराला काय होतं, आठवतं का कुणाला?

होय, होय, बाबा म्हणाले, खूप मोठ्याने,
बोंडं अजून कानातच,
मी बघत होतो.
शेवटपर्यंत बघत होतो.